बरणीतली माती

६ मार्च १९९५, सोमवार

आलो एकदाचा आंबिवलीला. ट्रंक, वळकटी आणि स्टोव्ह सांभाळत स्टेशनाबाहेर उभा राहिलो आणि सवयीनं आधी नाक वर केलं. कुणाच्या तरी घरी जवळा परतत होते, टपरीवरच्या चहात आलं जरा जास्तच पडलं होतं, आणि भिंतीपलीकडे कुठंतरी उशिरा मोहरलेला आंबा होता. जाऊन बघितलं तर खरंच होता! आमचं कराडला मसाल्याचं दुकान. लहानपणी मी डोळे मिटून नव्या धण्यांतून जुने वेगळे काढायचो आणि आई म्हणायची, हे पोर नाकाच्या जिवावर पोट भरणार. तसंच झालं. मुलाखतीला माझ्याहून जास्त शिकलेले दोघे होते, पण साहेबांनी पुढं केलेल्या बाटलीत डिझेलमध्ये रॉकेल मिसळलंय हे मी झाकण उघडताच सांगितलं, आणि नोकरी माझी झाली.

काम असं आहे. कल्याणच्या वाटेवर एक पेट्रोल पंप बरीच वर्षं बंद पडलाय. जमिनीखालची टाकी गंजून फुटली, पेट्रोल मातीत मुरलं आणि आसपासच्या विहिरींचं पाणी लोकांना पिववेना. टाकी गेल्या महिन्यात उपसून नेली. आता तिच्या भोवतीची माती खणून काढायची, उन्हात पातळ पसरायची, पेट्रोल उडून जाईस्तोवर खालीवर करत राहायची आणि पावसाच्या आत खड्डा नव्या मुरुमानं भरून मोकळं व्हायचं. हे नीट पार पडलं की मी नोकरीत कायम. मग मंजुळेला आणि पौषात झालेल्या आमच्या सगुणेला इकडे आणायचं. लेकीला मी बारशाला पाहिलं तेवढंच. तिच्या टाळूला दुधाचा आणि वेखंडाचा वास येतो. तो अजून माझ्या शर्टाला आहे असं उगाच वाटतं.

मुक्काम पंपाच्या जुन्या केबिनमध्ये. भिंतींना, फळीला, दाराच्या कडीलासुद्धा पेट्रोलचा वास आहे. खोली मिळेपर्यंत चालवून घेऊ.

९ मार्च, गुरुवार

माझा मुकादम झेवियर. मूळचा उत्तनचा, आता ठाण्यात खोपटला आमच्या ऑफिसच्या मागेच राहतो. साठीला टेकलाय, सगळा जन्म टाक्यांच्या कामात गेला. पेट्रोलबद्दल तो गोठ्यातल्या म्हशीबद्दल बोलावं तसं बोलतो. "ते वर नाय जात रे पर्शु, खाली बसतं. खड्डा दिसला की तिथंच लोळतं." पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या खिशातली काडेपेटी काढून घेतली आणि चहा करायचा तर रस्त्यापलीकडे जाऊन कर म्हणून बजावलं.

ऑफिसात वाफ मोजायचं एक मीटर आहे, पण ते आजारी. ते कपाटात पडून आहे आणि त्याच्या जागी मी. बाजारातून लोणच्याच्या काचेच्या बरण्या आणल्या. ढिगातली माती बरणीत अर्धी भरायची, झाकण घट्ट लावायचं, बरणी उन्हात ठेवायची. चांगली तापली की झाकण उघडून नाक घालायचं. वास आला तर नापास, माती परत उन्हात. नाही आला तर बरणीवर खडूनं पास लिहायचं. चूक होऊ नये म्हणून दोघांनी हुंगायचं असा नियम आहे. आधी मी, मग झेवियर.

आज सगळ्या बरण्या नापास. संध्याकाळी डोकं चांगलंच ठणकलं, पण मजा आली. नाकानं कांदे सोलायचा पगार घेणारा माझ्यासारखा दुसरा कोण असेल!

१७ मार्च, शुक्रवार. धुळवड

काल गोमाजींनी होळीला बोलावलं होतं. गोमाजी म्हणजे खाडीकाठचे कोळी, वय झालेलं, पण छाती अजून वल्ह्यासारखी ताठ. खाडीत मासळी राहिली नाही म्हणून जाळी टांगून ठेवलीत आणि काठच्या सखल जागेत भाड्यानं द्यायला चार खोल्या बांधायला काढल्यात. भिंती झाल्या, पत्रे चढले, आत मात्र नुसते खड्डे. भरणीला माती मिळत नाही. तिथं भरणी उंच हवी, कारण पुनवेला आणि अवसेला उधाणाचं पाणी जमिनीच्या पोटातून वर येतं असं ते म्हणाले.

आमच्याकडे पास झालेली माती ढिगानं पडून आहे आणि ती टाकायची कुठं हा साहेबांना प्रश्न. मी म्हटलं, घ्या की आमची. एका दगडात दोन पक्षी. गोमाजींनी माझे दोन्ही हात धरले. "माती तुमची, मंग पयली खोली पन तुमचीच!" कोपऱ्यातली खोली, मागंपुढं दार, पुढं ओटा, ओट्यावरून खाडी दिसते. त्यांची बायको मनुबाई लगेच म्हणाली की बाळाची झोळी कुठं टांगायची ती जागासुद्धा तिनं ठरवलीय. मंजुळेला पत्र टाकलं. अक्षय तृतीयेला या. साडेतीन मुहूर्तांतला, नवीन घरात दूध उतू घालायला याहून चांगला दिवस कुठला?

होळीत भाजलेल्या नारळाचा वास अजून बोटांना आहे. केबिनमध्ये शिरलो की पेट्रोल, पण हल्ली ते तितकंसं जाणवत नाही.

२८ मार्च, मंगळवार

काम झपाट्यानं चाललंय. सुरुवातीला मातीचा एकेक थर किती दिवस नापास व्हायचा. आता दोन-तीन उन्हं दिली की बरणी पास. उन्हाळा वाढला त्याचा हा परिणाम. डोकेदुखीही गेली.

आज टाकीच्या बुडाखालची माती संपली. निळसर काळी, मुठीत पिळली तर गळेल अशी. मला वाटलं होतं, ही छळणार. पण तीही पास! मी नाक घातलं, काही नाही. झेवियरनं घातलं, मान हलवली, पास म्हणाला. साहेब येऊन बघून गेले, पाठ थोपटली, आणि ट्रक लगेच गोमाजींच्या खोल्यांकडे गेला. आमच्या कोपऱ्यातल्या खोलीचीच भरणी तेवढी उरली होती.

१ एप्रिल, शनिवार. पाडवा

मनुबाईनं श्रीखंड-पुरी पाठवली. बिचारी वेलची घालायला विसरली असावी. गोड लागलं, बस्स. खोलीत कोबा टाकून झाला. मी स्वतः उभा राहून पाणी मारून घेतलं.

८ एप्रिल, शनिवार

आज ऑफिसच्या कामानं खोपटला गेलो. बसमध्ये शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला. कंडक्टरनं पिशवीत पेट्रोलचा डबा आहे का विचारलं आणि पिशवी उघडून बघितली. आत माझा टॉवेल आणि केळी! झेवियरची बायको अॅग्नेस तर मला दारातच थांबवून म्हणाली, आधी आंघोळ कर, मग जेवायला बस. सगळे हसले. मीही हसलो.

मला मात्र माझा वास येत नाही. आपला आपल्याला कुठं येतो.

१६ एप्रिल, रविवार

आज जरा विचित्र घडलं.

कोब्याला भिंतीलगत एक तडा गेलाय, झोळीच्या जागेच्या बरोबर खाली. कालची पुनव, उधाण मोठं होतं, त्यामुळं जमीन हलली असेल. आज तिन्हीसांजेला मनुबाई खोलीत दिवा दाखवायला आली. मी दारातच उभा होतो. तिनं वाकून दिवा भुईवर ठेवला आणि तड्यातून एक निळी जीभ सरसर करत कोपऱ्यापर्यंत गेली. हातभर असेल. आवाज अगदी हळू, कुणी फुंकर मारावी तसा. लगेच विझली. मनुबाईच्या हातातली वाटी पडली.

ती म्हणाली, आग्यावेताळ आहे. "यो आग्या हाय, आग्या! भुईनून उठलाय." गोमाजींनी भगताला विचारू म्हटलं. मी त्यांना समजावलं की दिव्यातलं तेल सांडलं असेल. भुतं नसतात वगैरे भाषण दिलं. शास्त्र शिकलेला माणूस मी, नाही का.

पण तेलाची ज्योत निळी नसते.

२१ एप्रिल, शुक्रवार

खोलीत मांजर व्याली होती. कोपऱ्यात, त्याच जागी, पोत्यावर. आज बघितलं तर पिल्लं गेलेली. सगळी. अंगावर ओरखडा नाही, नीट झोपल्यासारखी. मांजर दारात बसून ओरडत होती, आत यायला तयार नव्हती. मी पिल्लं उचलली, खाडीच्या काठाला पुरली.

मनुबाई बाजूला उभी होती. एवढ्याशा जिवाला उन्हानं होतं असं, मी म्हटलं. झेवियरचं बोलणं मात्र डोक्यातून जात नाही. खाली बसतं, खड्डा दिसला की तिथंच लोळतं. पण आमची माती पास आहे. प्रत्येक बरणी मी स्वतः हुंगलीय.

२५ एप्रिल, मंगळवार

कोरेगावाहून, मंजुळेच्या माहेराहून, बरणी आली. नव्या कैरीचं लोणचं. तिच्या हातचं. गावचा माणूस देऊन गेला.

झाकण उघडलं. नाक घातलं. आणि हात आपोआप खडूकडे गेला, बरणीवर पास लिहायला.

मोहरी, हिंग, मेथी. फोडणीचं तेल. मी मसाल्याच्या दुकानात वाढलेला माणूस. बरणीत नाक बुडवून बसलो.

काही नाही. काहीच नाही.

२६ एप्रिल, बुधवार

कांदा फोडला. डोळ्यांत पाणी आलं, वास नाही. उदबत्ती नाही. फिनेल नाही. स्टोव्हचं रॉकेल हातावर ओतून घेतलं. गार लागलं.

हे कधीपासून? वेलची — मनुबाई वेलची विसरली नव्हती. त्याच्याही आधी? टाकीच्या बुडाची ती माती, तेव्हा?

झेवियरला सांगितलं. तो म्हणाला की त्याला स्वतःला कित्येक वर्षं कसलाच वास येत नाही. घरात बोंबील जळला तरी अॅग्नेस ओरडते तेव्हा कळतं. मी ओरडलो, मग बरण्या कशा हुंगायचास? तो म्हणाला, "तू पास बोलायचास, म्हणून मी पास बोलायचो. तुझं नाक एवढं नावाजलेलं, रे."

२८ एप्रिल, शुक्रवार

साहेबांना भेटलो. मीटर दुरुस्तीला टाका म्हटलं. आता कशाला, काम तर झालं, असं त्यांचं म्हणणं. फारच मागं लागलो तेव्हा तयार झाले. शनिवारी-रविवारी दुरुस्त होईल, सोमवारी एक मेची सुट्टी, म्हणजे मंगळवारी झेवियर घेऊन येईल. मंगळवारीच अक्षय तृतीया.

कोरेगावच्या किराणा दुकानात फोन केला. मंजुळेला सांगा, येऊ नका. दुकानदार म्हणाला की ती आणि तिचा भाऊ बाळाला घेऊन आजच निघाले. वाटेत नातेवाइकांकडे, देवीला, असं करत पोचतील. कुठं गाठू?

मनुबाईला विचारलं, खोलीत पेट्रोलचा वास येतो का. ती म्हणाली, येतो की, तुम्ही आलात की येतो. मी नसताना? ती म्हणाली, तुम्ही तर रोज असता. नवीन कपडे घालून गेलो, अंग साबणानं घासून. तरी तेच. सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय की वास माझा आहे.

सांगायला हवं. गोमाजी, मी दिलेल्या मातीत पेट्रोल आहे. एवढंच वाक्य. त्यांच्या चारही खोल्यांखाली — आणि मी मिरवत दिली. माझे हात धरले होते त्यांनी.

आज नाही सांगितलं.

३० एप्रिल, रविवार

काल अवस. उधाण चढतंय. तड्याच्या कडेला कोबा ओला झालाय. बोट लावलं — तेलकट. हुंगलं. हुंगून काय उपयोग.

मनुबाई खोलीत चूल मांडायला आली होती, तीन दगड, मुहूर्ताचं दूध तापवायला. खरं तोंडाशी आलं होतं. पण खरं सांगितलं तर नोकरी जाईल, खोली जाईल, तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मंगळवारी मीटर येऊ दे. नक्की कळलं की सांगू.

म्हणून खोटं बोललो. तिला पटेल असं. म्हटलं, बाई, तुमचं खरं होतं. आग्याच आहे. मीही बघितला. या खोलीत आग आणू नका, त्याला राग येतो.

तिचा चेहरा एकदम मऊ झाला. शिकलेल्या माणसानं मानलं याचंच तिला बरं वाटलं. दगड उचलून नेले. जाताना म्हणाली, लेकराची काळजी नको. "मी हाय ना. माजे सासूनं दाखिवलंय. आग्याला त्याचंच द्यावं लागतं, मंग तो जातो." मी हो हो म्हटलं. चूल गेली, तेवढं बास.

१ मे, सोमवार

दोन्ही दारं, खिडकी सताड उघडी. दिवसभर पुठ्ठ्यानं वारा घातला. लोक बघून हसत होते. कोपऱ्यात बसलं की गरगरतं. की भीतीनं?

ओलं वाढलंय.

२ मे, मंगळवार. अक्षय तृतीया

आले. सकाळीच.

सगुणेला घेतलं. टाळूवर नाक ठेवलं. दूध नाही, वेखंड नाही. पोर हसली. मी रडलो. मंजुळेला वाटलं, आनंदानं.

आत पाऊल टाकताच ती पदर नाकाला लावून म्हणाली, घरभर तुमच्या कपड्यांचा वास. आज सगळे धुवायला काढते. मी म्हटलं, हो. माझाच.

म्हटलं, ओट्यावर बस. ऊन लागतं पोरीला, म्हणाली. आत गेली. मी खिडकी उघडली, तिनं लावून घेतली — बाळाला वारं बाधतं. पुढचं दारही लोटून घेतलं. झोळी तिथंच बांधलीय, मनुबाईनं ठरवलेल्या जागी, अगदी भुईलगत.

स्टोव्ह बिघडलाय असं सांगितलं. काडेपेटी माझ्या खिशात आहे. घरात दुसरी नाही, दोनदा बघितलं. भाऊ दूध आणायला गेलाय, दूध दुपारी तापवू म्हटलं. ती रुसली. रुसू दे. झेवियर मीटर घेऊन निघाला असेल.

ओट्यावर बसून लिहितोय. भरती भरत आलीय. पायाखालच्या पायरीच्या फटीतून पाणी. त्यावर रंग. इंद्रधनुष्याचे.

नाही. मीटर नको. हे दिसतंय ते पुरे. आता आत जाऊन दोघींना बाहेर काढतो. मग गोमाजींना सगळं — काय व्हायचं ते होऊ दे. एवढी ओळ लिहून उठतो.

मंजुळा आतून सांगतेय, मागच्या दारानं मनुबाई आल्यात. बाळासाठी काहीतरी करणार म्हणतायत, झोळीखाली. पदराआड काहीतरी धरून आणलंय, वाऱ्यानं विझू नये म्हणून —